सरकारकडे अडकलेली फी : हे कर्ज नेमकं कुणाच्या नावावर?

हिशेबनीस | ९ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:४२

राजकारणाच्या धाग्यांवर मी सहसा नुसता वाचनमात्र असतो. पण दिवाळीच्या खर्चाचा मेळ घालायला बसलो आणि एक आकडा काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

मी बार्शीत एका पतसंस्थेत कारकून आहे. पगार १९ हजार. थोरला पुण्याजवळच्या एका विनाअनुदानित कॉलेजात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. (कॉलेजचं नाव विचारू नका, पोराला अजून पावणेदोन वर्षं तिथंच काढायची आहेत.) धाकटी यंदा बारावीला. पोराला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मंजूर आहे. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, कॅपमधून (सरकारच्या सामायिक प्रवेश फेरीतून) प्रवेश, सगळं चोख.

फी वर्षाला १ लाख ८ हजार. त्यात ९६ हजार शिक्षण शुल्क आणि १२ हजार विकास शुल्क. विकास शुल्काला सवलत नाही. म्हणजे सरकारने ४८ हजार द्यायचे आणि मी ६० हजार भरायचे. प्रवेशाच्या दिवशी ६० हजारांचा डीडी घेऊन गेलो, तर खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, "पूर्ण भरा. सरकारचे आले की तुमच्या मुलाच्या खात्यात येतीलच की." मागे रांग होती. सोबतच्या पालकांनी पूर्ण भरले. मीही दोन दिवसांनी भरले.

दोन वर्षांचे ९६ हजार यायला हवे होते. आले २४ हजार, पहिल्या वर्षाचा पहिला हप्ता. तो आला त्या दिवशी घरात पेढे आणले होते. उरलेल्या ७२ हजारांसाठी बायकोच्या दोन पाटल्या आमच्याच पतसंस्थेत तारण आहेत. व्याज १२ टक्के, म्हणजे वर्षाला ८,६४० आणि महिन्याला ७२०.

आता पुढचं. बायकोला लाडक्या बहिणीचे १,५०० येतात. ते आले की ती त्यातले ७२० माझ्याकडे देते आणि मी कामावर जाऊन व्याजाची पावती फाडतो. पावती लिहिणारा मीच, भरणाराही मीच. परवा पावती फाडताना हसू आलं. सरकारने माझ्याकडून ७२ हजार उसने घेतलेत आणि त्यावरचं व्याज माझी बायको सरकारच्याच पैशातून भरते आहे.

मार्चच्या अर्थसंकल्पात राज्याचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. त्या आकड्यात माझे ७२ हजार कुठल्या ओळीत बसतात, हे कुणी जाणकार सांगेल का?

---

टिंबटिंब | ९ ऑक्टोबर, रात्री १०:५८

रुमाल टाकून जागा धरून ठेवतो. लेख छान, पण पावती फाडल्याचं वाचून पोटात कालवलं.

---

बोरीबंदर | ९ ऑक्टोबर, रात्री ११:२०

हिशेबनीस, सहानुभूती आहेच. पण रोगाचं नाव घ्या की हो! जून २०२४ च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात लाडकी बहीण आली तेव्हा वर्षाला ४६ हजार कोटी म्हणाले. यंदाची तरतूद ३६ हजार कोटी. निवडणुकीत २,१०० चं आश्वासन, ते अजून हवेतच.

आणि ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ केली, तिचा वाढीव बोजा किती? ९०६ कोटी. भागाकार करून पाहा. लाडकी बहीण दिवसाला साधारण ९८ कोटी खाते. म्हणजे राज्यातल्या ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींच्या फीमाफीचा वर्षाचा वाढीव बोजा म्हणजे लाडक्या बहिणीचे नऊ दिवस! नऊ दिवसांचे पैसे वेळेवर देता येत नाहीत आणि उरलेल्या ३५६ दिवसांचे मात्र बरोबर पोचतात, कारण ते थेट मतदाराच्या खात्यात जातात. फीचे पैसे कुठल्या ओवाळणीच्या फोटोत दिसतात?

आमच्या पगारातून कापलेला कर असा वाटला जातो याची चीड येते, इतकंच.

---

रानजाई | १० ऑक्टोबर, सकाळी ७:१५

बोरीबंदर, भागाकार बरोबर असेल, पण तो फिरवलाय चुकीच्या दिशेने.

मी अंगणवाडी सेविका आहे. हे फॉर्म आम्हीच भरले, एका अर्जामागे ५० रुपये मिळतील या बोलीवर. २०२४ च्या राखीआधी दोन महिन्यांचे मिळून तीन हजार जमा झाले, तेव्हा आमच्या गावातली एक बाई पहिल्यांदा एकटी तालुक्याला गेली. कशाला, तर दाढ काढायला. सात वर्षं लवंग धरून दिवस काढत होती. घरात पैसे नव्हतेच असं नाही, तिच्या दाढेसाठी नव्हते. या खर्चाला तुम्ही "वाटलं जाणं" म्हणता.

आणि कर फक्त तुम्हीच भरता का? ती बाई पेस्ट घेते, साबण घेते, चप्पल घेते. जीएसटी काय तिला माफ आहे?

हिशेबनीस यांच्या बायकोच्या १,५०० मधले ७२० व्याजात गेले. यात चूक १,५०० ची की ७२० ची, एवढं सांगा.

---

बोरीबंदर | १० ऑक्टोबर, सकाळी ८:०२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

(रागात लिहिलं होतं. जीएसटीचा मुद्दा मान्य. पण मग सप्टेंबरपासून लाडक्या बहिणींची ई-केवायसी कशाला? आधी सरसकट भरून घ्यायचे, निवडणूक झाली की अपात्र शोधायचे. जुलैअखेर २६ लाखांचा आकडा बाहेर आला होता. चाळणी आधी लावता आली नसती का?)

---

रानजाई | १० ऑक्टोबर, सकाळी ८:१९

त्यावर शंभर टक्के सहमत. आणि ती चाळणी लावायला पुन्हा आम्हालाच दारोदार पाठवतात.

---

सातबारा | १० ऑक्टोबर, दुपारी १:४०

तुमचं चालू द्या. आमच्या शेतातली माती सप्टेंबरच्या पुरात वाहून गेली, सोयाबीन जाग्यावर सडलं. परवा ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. टीव्हीवर आकडा लई मोठा दिसतो. हातात किती पडंल ते तलाठ्याच्या पंचनाम्यावर.

पवनार ते पत्रादेवी शक्तिपीठ महामार्ग ८०२ किलोमीटर, खर्च ८६ हजार कोटी. नुसत्या आखणीसाठी आन् जमिनीसाठी जूनमधी २० हजार कोटीला मंजुरी दिली. वित्त विभागानं कर्जाबद्दल शेरा मारला व्हता, असं पेपरात आलं व्हतं. कोल्हापूरकडचे शेतकरी म्हणतात नको. आमाला इचारलं तर म्हणू आधी शिवारातला पाणंद रस्ता द्या. पोराची फी पण पाणंद रस्त्यासारखीच हाय. त्याचं उद्‌घाटन करता येत नाही.

---

ताळेबंद | १० ऑक्टोबर, रात्री ९:३०

मूळ प्रश्नाला अजून कुणी हात लावलेला नाही, म्हणून लिहितो. सरकारी लेख्यांत उभी हयात गेली आहे. सोपं करून सांगायचा प्रयत्न करतो.

हिशेबनीस, तुमचे ७२ हजार कुठल्याच ओळीत बसत नाहीत. कारण आपल्याकडे सरकारचा हिशेब रोखीवर चालतो. पैसा तिजोरीतून निघाला की खर्च झाला. बिल आलंय, मंजूर झालंय, पण दिलेलं नाही, तर त्या वर्षाच्या खर्चात ते दिसत नाही. तुमच्या पतसंस्थेने असा ताळेबंद केला तर लेखापरीक्षक तिथल्या तिथे शेरा मारेल, कारण देणं झालं की ते दायित्वात धरावंच लागतं.

९ लाख ३२ हजार कोटी हा घेतलेल्या कर्जाचा आकडा आहे. रोखे, केंद्राची कर्जं, नाबार्ड, अल्पबचत, भविष्य निर्वाह निधी वगैरे. त्यावर यंदा सुमारे ६४ हजार कोटी व्याज जाईल. म्हणजे लाडक्या बहिणीच्या पावणेदोन पट रक्कम, हेही बोरीबंदर यांनी ध्यानात घ्यावं. राज्यातल्या एकूण उत्पन्नाशी (जीएसडीपीशी, सरकारच्या महसुलाशी नव्हे) ताडून पाहिलं तर कर्ज १९ टक्क्यांच्या आत आहे आणि मर्यादा २५ ची. म्हणून प्रत्येक अर्थमंत्री छाती पुढे काढून सांगतो की कर्ज मर्यादेतच आहे. खोटं नसतं ते. पंजाबशी तुलना केली तर आपण साधूसंतच.

पण खरी दुखरी जागा दुसरी आहे. यंदा महसुली तूट ४५,८९१ कोटींची दाखवली आहे. म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं यांतच उत्पन्न संपतं आणि वर आणखी उसने काढावे लागतात. अशा वेळी वित्त विभाग काय करतो? कर्ज वाढवलं तर केंद्राची वेसण असते. योजना बंद करणं राजकारणात बसत नाही. मग सगळ्यात बिनबोभाट मार्ग म्हणजे बिलं लांबवणं. आमच्या भाषेत "बीडीएसवर (निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर) निधी नाही". तरतूद कागदावर असते, पण वितरणाची चावी वरून बंद. कोषागारात रोज हे वाक्य ऐकू येतं.

ही चावी कुणाची आधी बंद होते ते बघा. पेन्शन थांबत नाही, व्याज तर एक दिवससुद्धा नाही. थांबतात ते कंत्राटदार. त्यांच्या संघटना यंदा ८९ हजार कोटी थकल्याचं सांगत होत्या. थांबतात आरटीईच्या शाळा. आणि थांबतात शिष्यवृत्त्या. ज्याला ओरडता येत नाही किंवा ज्याचं ओरडणं विखुरलेलं असतं, तो सरकारचा सावकार होतो. बिनव्याजी.

---

टिंबटिंब | १० ऑक्टोबर, रात्री ९:५१

बिनव्याजी सावकार! __/\__

---

कोरा कागद | १० ऑक्टोबर, रात्री ११:०५

दुसरी बाजू. मी अशाच एका विनाअनुदानित कॉलेजात शिकवतो, तेरा वर्षं झाली. आमचे पगार साडेचार महिने झालेले नाहीत. व्यवस्थापनाला विचारलं की एकच उत्तर, "समाजकल्याणचे आले नाहीत, डीटीईचे (तंत्रशिक्षण संचालनालयाचे) आले नाहीत." आमच्याकडे निम्म्याहून जास्त मुलं कुठल्या ना कुठल्या सवलतीतली. सरकारने शंभर टक्के माफी जाहीर केली की टाळ्या सरकारला. पैसा आला नाही की शिव्या आम्हाला.

तरीही खरं सांगतो, अडचण नेहमी तेवढीच असते असं नाही. शुल्क नियामक प्राधिकरणापुढे फी वाढवून घेताना आमचे पगार पूर्ण दाखवलेले असतात. कागदावर मला सातवा वेतन आयोग आहे. घरी येतो तो पाचवाही नाही. पालकांकडून पूर्ण फी आधीच घेतली, मग सरकारचे यायचे राहिले म्हणून पगार थांबला हे गणित कसं जमतं, हे मी एकदा मीटिंगमध्ये विचारलं. तेव्हापासून मला परीक्षा विभागाची ड्युटी कायमची लागली आहे.

---

हिशेबनीस | १० ऑक्टोबर, रात्री ११:३१

कोरा कागद सर, म्हणजे माझ्याकडूनही पूर्ण घेतले, सरकारकडूनही येणार म्हणून दाखवले आणि तुम्हाला दोन्हीतले नाहीत. मधे कोण आहे?

---

जुना मास्तर | ११ ऑक्टोबर, सकाळी ६:१०

मधे कोण आहे हे सांगायला १९८३ पर्यंत मागे जावं लागेल. चहा घेऊन बसा.

त्याआधी आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांची मुलं कर्नाटकात जायची, देणगी भरून. वसंतदादा मुख्यमंत्री असताना १९८३ साली खाजगी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली. आपला पैसा आपल्याच राज्यात राहील आणि ग्रामीण मुलाला दार उघडेल, हा युक्तिवाद. दार उघडलं हे नाकारू नका, माझेच कितीतरी विद्यार्थी त्या दारातून गेले. पण त्या दिवशी सरकारने एक गोष्ट कायमची शिकून घेतली. कॉलेज काढायला सरकारचा पैसा लागत नाही, नुसती सही पुरते. साखर कारखान्यासारखीच शिक्षण संस्थाही पुढाऱ्याची मालमत्ता झाली.

पुढे न्यायालयांनी देणगीवर लगाम घातला. २००२ चा पै फाउंडेशनचा निकाल, २००५ चा इनामदारांचा निकाल, मग २०१५ चा आपला फी नियमनाचा कायदा. देणगी गेली, फी वाढली. फी गरिबाला झेपेना म्हणून सरकार म्हणालं निम्मी आम्ही देतो, मग म्हणालं मुलींची पूर्ण देतो. म्हणजे ज्या सरकारने स्वतःची कॉलेजं पुरेशी काढली नाहीत, तेच आता पुढाऱ्यांच्या कॉलेजांची फी भरतंय. तीही उशिरा. हिशेबनीस, "मधे कोण" याचं उत्तर हे आहे. कधी कधी एकाच घरात एक भाऊ देणारा असतो आणि दुसरा घेणारा.

आता बोरीबंदर आणि रानजाई यांच्या भांडणाबद्दल. १९७२ च्या दुष्काळातून आपल्याकडे रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांची कल्पना. तेव्हाही शहरी मंडळी कुरकुरली होतीच. पण सरकारने एक केलं : १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला आणि सांगितलं की हा पैसा रोजगार हमीला. तुमच्या पगाराच्या चिठ्ठीत आजही महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ना, तोच तो. मी शाळेत शिकवत असताना मुख्याध्यापक कापलेल्या रकमेवर बोट ठेवून म्हणायचे, "ही तुझी दोन घमेली माती." कुणाचा पैसा कुठे जातो हे देणाऱ्याला ठाऊक होतं आणि घेणाराही त्यासाठी खडी फोडत होता. आता योजना जाहीर करताना पैसा कुठून येणार हे कुणी सांगत नाही. विरोधी पक्षही विचारत नाही, कारण त्यांच्या जाहीरनाम्यात महिलांना तीन हजार होते.

शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा असं कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितलं. २०२० च्या नव्या धोरणातही तेच ६ टक्के. चोपन्न वर्षांत आकडा तसूभर हलला नाही, एवढी निष्ठा मी दुसऱ्या कशात पाहिली नाही.

---

बोरीबंदर | ११ ऑक्टोबर, सकाळी ९:४४

मास्तर, पगाराच्या चिठ्ठीत ती ओळ बावीस वर्षं पाहतोय. रोजगार हमीशी तिचा संबंध आज कळला. चीड थोडी कमी झाली, पूर्ण नाही. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

---

कुळागर | ११ ऑक्टोबर, दुपारी १२:०५

गोव्यातून दोन ओळी. आमच्याकडे गृह आधार २०१२ पासून चालू आहे, आज महिन्याला १,५०० च. त्यावरून वर्षानुवर्षं वाद झाले, आता कुणी आवाज काढत नाही. हप्ता तुंबला की मात्र पंचायतीत बायका जमतात.

पण फीच्या बाबतीत आमच्याकडे बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची सरकारी योजना आहे. माझी भाची त्यातूनच शिकली. परतफेड करावी लागते, फुकट नाही. तरी पाटल्या गहाण टाकण्यापेक्षा बरं. अर्थात गोवा केवढा आणि महाराष्ट्र केवढा, हे ठाऊक आहे.

---

ताळेबंद | ११ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

कुळागर यांच्या मुद्द्याला जोडून : हिशेबनीस, सोनेतारणाऐवजी बँकेचं शैक्षणिक कर्ज का नाही घेतलं? ७.५ लाखांपर्यंत तारण लागत नाही. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाला शिक्षण चालू असेपर्यंतचं व्याज केंद्र भरतं. कॉलेज कुठलं आहे त्याच्या अटी असतात, त्या बघाव्या लागतील.

---

हिशेबनीस | ११ ऑक्टोबर, रात्री १०:२०

गेलो होतो. तालुक्याच्या शाखेत साहेब म्हणाले, "कॉलेज पुण्याचं, तिकडच्या शाखेत बघा." पुण्यातले म्हणाले, "पालक बार्शीचे, तिकडे बघा." तिसऱ्या खेपेला एसटीचं तिकीट आणि बुडालेला पगार धरून हिशेब केला आणि पाटल्या काढल्या. आमच्या पतसंस्थेत वीस मिनिटांत पैसे मिळतात. वजन करायचं, पावती लिहायची. या देशात सोनं का सुटत नाही, तर ते कुठल्या शाखेचं आहे असं कुणी विचारत नाही.

---

टिंबटिंब | ११ ऑक्टोबर, रात्री १०:३७

काका, एक बारीक गोष्ट. शिष्यवृत्ती कॉलेजात दिलेल्या खात्यात येत नाही. आधारला शेवटचं जे खातं जोडलंय त्यात येते. माझ्या मित्राचे दोन हप्ते भलत्याच बँकेत पडून होते. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करा, तिथं बँक सीडिंग स्टेटस दिसतं. मुलाच्या मोबाईलवर ओटीपी येईल.

---

सातबारा | ११ ऑक्टोबर, रात्री १०:४५

खरंय. आमच्याकडं बायकांचे पैशे बी असेच भलत्या खात्यात गेले व्हते. एकीचे तर बचत गटासाठी काढलेल्या जुन्या खात्यात निघाले. ती म्हणली मी त्या बँकेचं नावच इसरले व्हते.

---

हिशेबनीस | १३ ऑक्टोबर, रात्री ९:०८

टिंबटिंब, तुझं तोंड गोड होवो. पोराने पाहिलं. आधार आमच्या बँकेला नाहीच. आठवीत असताना शाळेने शिष्यवृत्तीसाठी काढायला लावलेलं एक शून्य शिलकीचं खातं होतं. मधे कधीतरी त्याची केवायसी केली तेव्हा आधार परत तिकडे गेला असणार. आज शाखेत जाऊन पासबुक भरून आणलं. मशीन चालत नव्हतं, बाईंनी हाताने एकच ओळ लिहून दिली. पहिल्या वर्षाचा दुसरा हप्ता, २४ हजार, गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून तिथं पडून होता. अकरा महिने मी त्याच २४ हजारांवर महिन्याला २४० रुपये व्याज भरत होतो.

म्हणजे पहिल्या वर्षाबद्दल सरकारला जे बोललो ते निम्मं परत घेतो. दुसऱ्या वर्षाचे ४८ हजार मात्र खरंच आलेले नाहीत. पोर्टलवर अर्ज अजून "संस्था स्तरावर प्रलंबित" दाखवतंय. म्हणजे तो कॉलेजातल्याच कुणाच्या तरी लॉगिनमध्ये पडून आहे. मग सरकारचे आले नाहीत म्हणून इतके दिवस काय सांगत होते? कोरा कागद सर, तुमच्याकडे हे काम कोण बघतं?

---

कोरा कागद | १३ ऑक्टोबर, रात्री ९:२६

एक कंत्राटी क्लार्क. बाराशे अर्ज, एक संगणक. त्याचाही पगार झालेला नाही. तुमच्या कॉलेजात प्राचार्यांच्या नावाने लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारून काही हलत नाही.

---

हिशेबनीस | १३ ऑक्टोबर, रात्री ९:४०

उद्याच पोराला अर्ज द्यायला लावतो. २४ हजारांत आज एक पाटली सोडवली. व्याज आता ४८० वर आलं. दुसरी पाटली तशीच.

बायको आत्ता मोबाईल घेऊन लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीला बसली आहे. त्यात नवऱ्याचाही आधार लागतो, म्हणून माझा नंबर टाकलाय. ओटीपी आला का, असं तिसऱ्यांदा विचारून झालं. अजून आलेला नाही.